नाव, वास्तू आणि स्मारक : सोलापूरच्या कोटणीस स्मारकाविषयी

इंग्लंडमधील लहान गावांतून स्थानिक इतिहासाची जी छोटी संग्रहालये हौशी ग्रामस्थ चालवितात, त्यांपैकी पुष्कळांना गावच्या पॅरिश चर्चचा आश्रय असतो. यामागे केवळ सोय नाही. १५३८ पासून बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नोंदी ठेवण्याचे काम चर्चकडे आले. त्यामुळे गावाचा इतिहास म्हणजे प्रथमतः नावांची वही, अशी तेथे धारणा झाली. सोलापुरात तत्सम कार्य एका घराने पत्करले आहे. डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस (जन्म १९१०) यांचे भैय्या चौकातील घर महानगरपालिकेने दुरुस्त करून २०१२ साली स्मारकरूपाने खुले केले. घर आणि वही ही साधने भिन्न होत, आणि स्मारकाचे मूल्यमापन करताना हा भेद विसरून चालणार नाही.

स्मारकातील मांडणीचा मुख्य भर छायाचित्रांवर आहे. १९३८ मध्ये चीनला गेलेले पाच डॉक्टरांचे पथक, बेथ्यून रुग्णालयातील काम, ९ डिसेंबर १९४२ रोजी बत्तिसाव्या वर्षी आलेला मृत्यू, ही हकीकत व्ही. शांताराम यांच्या १९४६ च्या चित्रपटाने घरोघर पोचविली आहे. प्रेक्षक ती मनात घेऊनच उंबरा ओलांडतो, आणि चित्रे त्याला ठाऊक असलेलेच पुन्हा सांगतात. जे या घरालाच सांगता येईल ते निराळे आहे. मराठी, कन्नड व तेलुगू एकाच पेठेत कानी पडणाऱ्या शहरात वाढलेला हा मुलगा चार वर्षांच्या आत चिनीतून शिकवू व लिहू लागला. यांत कार्यकारणभाव आहेच असे म्हणता येणार नाही. तथापि तो प्रश्न विचारण्याचे स्थळ शिजियाझुआंगची समाधी नव्हे, हे घर होय.

नावाचा प्रश्न तर चित्राने सुटण्यासारखाच नाही. 'कोटणीस' हे हुद्द्यावरून आलेले आडनाव : 'कोट' म्हणजे किल्ला, आणि 'नीस' हे फारसी 'नविस', म्हणजे लिहिणारा, याचे मराठी रूप, फडणीस, चिटणीस यांतही तेच आहे. चिनी लिपीत हे आडनाव चार अक्षरांत, 'के-दी-नी-सी' असे बसविले गेले. पुढे पथकातील पाचही डॉक्टरांनी नावांच्या शेवटी 'हुआ', म्हणजे चीन, हे अक्षर घेतले, आणि 'के-दी-हुआ' हे नाव तयार झाले. म्हणजे 'कोट' कसाबसा राहिला, 'नीस' गळाला! (लिहिणे मात्र सुटले नाही; शस्त्रक्रियेवरील त्यांचा दुसरा चिनी ग्रंथ मृत्यूमुळे अपुरा राहिला.) १९४२ च्या ऑगस्टमध्ये जन्मलेल्या त्यांच्या मुलाचे नाव 'इन-हुआ'. त्यातील 'इन' म्हणजे भारत. पित्याच्या नावात एका देशाचा निर्देश होता, पुत्राच्या नावात दोहोंचा आला.

एवढा वाङ्मयीन ऐवज दोन नावांत असताना स्मारकाने त्याला जयंतीच्या भाषणांवर सोडून देऊ नये. प्रवेशाच्या खोलीतच मराठी व चिनी अशी दोन्ही नावे शेजारी लिहून, प्रत्येक अक्षराची फोड खाली सोप्या मराठीत, आणि शक्य तर कन्नड व तेलुगूतही, दिली जावी. चित्रांच्या आणखी एका भिंतीपेक्षा त्यास खर्च कमी येईल.