बंदर हलतं तेव्हा कोणती जमीन बघायची?

बंदराच्या स्थलांतरावर संशोधन प्रस्ताव लिहायला घेतलात की जेम्स बर्ड यांचं ‘एनीपोर्ट’ मॉडेल समोर येतंच. १९६३ मध्ये ब्रिटिश बंदरांच्या अभ्यासातून त्यांनी ते मांडलं. जहाजं मोठी होतात, तसे धक्के जुन्या शहरापासून खोल पाण्याकडे सरकतात. मागे राहिलेल्या जमिनीवर मग ऑफिसं आणि घरं येतात, ही पुढच्या अभ्यासकांची भर. त्यासाठी ठरलेलं उदाहरण म्हणजे लंडनचे डॉकलँड्स.

आता हेच मुंबईला लावून बघा. १९८९ मध्ये न्हावा-शेवा सुरू झालं आणि कंटेनर हळूहळू तिकडे गेले. पण मुंबई बंदर बंद पडलं नाही, आणि सुमारे १,८०० एकर जमीन बंदराच्याच मालकीची राहिली. तिचं काय करायचं हे ठरवायला राणी जाधव समिती नेमली गेली ती थेट २०१४ मध्ये. म्हणजे धक्का सरकला की जमीन आपोआप मोकळी होते, असं नाही. मालक कोण, हा प्रश्न मॉडेल विचारतच नाही.

माझा मोठा आक्षेप वेगळा आहे. हे मॉडेल बंदराने सोडलेली जागा बघतं, घेतलेली नाही. शेवा कोळीवाडा उठवला गेला. उरण-पनवेलच्या पट्ट्यात सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं, १९८४ च्या गोळीबारात पाच जणांचा जीव गेला. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं धोरण त्यातूनच आलं. आज उरणमध्ये भातखाचरं आणि मिठागरं होती तिथे कंटेनर यार्ड दिसतात. हा जमीन वापरातला बदल नाही तर काय?

राहिले ‘जवळचे उद्योग’. जवळचे म्हणजे किती किलोमीटर? रावेरची निर्यातीची केळी शीत-कंटेनरमधून न्हावा-शेव्यालाच जातात. नकाशावर अंतर चारेकशे किलोमीटर, पण निर्यातदार मोजतो तो वेळ आणि भाडं. त्या हिशेबात जळगाव, धुळेही अभ्यासक्षेत्रात येतात. मात्र इथली सगळी वाढ बंदराच्या खात्यावर टाकू नका. दोनच वर्षांनी, १९९१ मध्ये, उदारीकरण आलं. दोन्हींचा परिणाम वेगळा कसा काढणार, हे प्रस्तावातच लिहा.

मॉडेल जरूर वापरा. फक्त त्याच्या चौकटीबाहेर कोणाची जमीन राहिली, ते आधी तपासा.