'चाल', पार्श्वभूमी आणि देशी : दोन वाद्यवृंदरचनांच्या निमित्ताने

पाश्चात्त्य वाद्यवृंदरचनांविषयी मराठीत जे थोडेफार लेखन होते, त्यातील बरीचशी जागा पार्श्वभूमीच व्यापते. रचनाकाराने कोणता प्रवास केला, कोणता ग्रंथ वाचला, कृती कोणी मागविली, ती प्रथम कोठे वाजली, एवढे सांगून झाले की समीक्षेचे काम संपले असे मानले जाते. शब्दांचा आधार नसलेल्या कलेसमोर समीक्षक या तपशिलांकडे वळतो, हे समजण्यासारखे आहे. तथापि कृतीची उत्पत्ती सांगणे आणि कृतीचा संदर्भ उलगडणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. मराठी नाट्यसंगीताच्या अभ्यासकाला तरी हा भेद परका वाटू नये.

सांगली परिसरातून आलेल्या दोन नाटककारांचे उदाहरण घेऊ. हरिपूरशी ज्यांचे नाव जोडलेले आहे त्या गोविंद बल्लाळ देवलांच्या नाटकांच्या छापील प्रतींत पदाच्या माथ्यावर 'चाल' नोंदविलेली आढळते. ही नोंद म्हणजे पदाची वंशावळ होय. गाणाऱ्या नटाला ती उपयोगी होती. मात्र ती चाल 'शारदा'सारख्या नाटकात (१८९९) कोणते काम करते, हे त्या नोंदीत नसते. सांगलीतच जन्मलेल्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या 'मानापमान'मध्ये (१९११) गोविंदराव टेंबे यांनी पूरब अंगाच्या ठुमरी-कजरीच्या वळणाच्या चाली योजिल्या. मैफलीतील लाडिक आर्जव तेथे भामिनीच्या अभिमानाशी आणि धैर्यधराच्या स्वाभिमानाशी बांधले गेले. चाल कोठून आली हे कळल्याने पद कळते असे नाही. पण तिचे मूळ ठाऊक असलेल्या श्रोत्याला तिचे स्थलांतर पदातच ऐकू येते. पार्श्वभूमी अशी कृतीच्या आत ऐकू येते तेव्हाच तिला संदर्भ म्हणावे, असे मला सुचवावयाचे आहे.

हा निकष महाराष्ट्राशी संबंध असलेल्या दोन फ्रेंच रचनांना लावून पाहता येईल. आल्बेर रूसेल हे १९०९ मध्ये हिंदुस्थानात आले होते. त्या प्रवासातून 'एव्होकासियाँ' (१९१०-११) ही तीन भागांची रचना सिद्ध झाली. पहिल्या भागामागे वेरूळची लेणी, दुसऱ्यामागे जयपूर आणि तिसऱ्यामागे काशी आहे. पहिला भाग केवळ वाद्यांचा असून त्याच्या शीर्षकात गुहांच्या छायेतील देव आहेत. वेरूळचे नाव नाही. हे मौन अर्थपूर्ण आहे. नाव कळले की मराठी श्रोता कैलास लेण्याची आठवण संगीतावर पसरतो, आणि मग त्याला स्वतःची आठवणच ऐकू येऊ लागते. रचनेची भाषा मात्र त्या काळातील फ्रेंच संगीताची आहे : वाद्यांच्या रंगांची मंद चढण, अंधारातून हळूहळू उजळणारा नादपट. वेरूळ हे या कृतीचे निमित्त आहे. निमित्त दडवले तरी कृतीत काही उणे पडत नाही.

ऑलिव्हिए मेसियाँ यांची 'तुरंगलीला-सिंफनी' (१९४६-४८) हे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. सर्ज कुसेवित्स्की यांनी बॉस्टनच्या वाद्यवृंदासाठी ती मागविली आणि १९४९ मध्ये लिओनार्ड बर्नस्टाइन यांनी ती प्रथम सादर केली. तिचे नाव शार्ङ्गदेवाच्या 'संगीतरत्नाकरा'तील १२० देशी तालांच्या यादीतले आहे. हा ग्रंथ तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांकडे, सिंघण राजाच्या आश्रयाने रचला गेला. सातारा जिल्ह्यातील शिखर शिंगणापूर या गावाचे नाव परंपरा ज्याच्याशी जोडते, तोच हा सिंघण. मेसियाँ यांनी मूळ ग्रंथ वाचला नव्हता. लाविन्याक यांच्या संगीतकोशातील जोआनी ग्रोसे यांच्या लेखात तालांची जी सारणी होती, तीवर त्यांची भिस्त होती.

त्या सारणीत त्यांना काय सापडले? आपल्या विद्यार्थ्याला छंदशास्त्रामुळे सहज कळेल असे उदाहरण द्यायचे, तर 'ढेंकी' हा ताल म्हणजे गुरु-लघु-गुरु, अर्थात रगण. तो उलटा वाचला तरी तोच राहतो. अशा विलोमसम लयींत मेसियाँ यांना काळाची दिशा नाहीशी झाल्याचा प्रत्यय आला. ठरावीक मात्रेत अल्प काल मिळविणे, लयाकृती वाढविणे वा आक्रसविणे, या कल्पनाही त्यांनी या तालांच्या अभ्यासातून पक्क्या केल्या. 'तुरंगलीले'च्या पाचव्या भागात एक लयाकृती वाढत जाते, दुसरी घटत जाते, तिसरी स्थिर राहते. येथे ग्रंथातून घेतलेले द्रव्य रचनेच्या हाडामांसात गेले आहे. ते काढून घेतले तर कृतीच उरणार नाही. म्हणून हा संदर्भ होय.

मात्र येथेच आपल्या समीक्षेची परीक्षा होते. 'देवगिरीचे शास्त्र पॅरिसला पोहोचले' असा अभिमान पुढे करून थांबण्याचा मोह मोठा आहे. शार्ङ्गदेवाच्या व्यवस्थेत 'देशी' म्हणजे ठिकठिकाणच्या लोकांच्या रुचीप्रमाणे चालणारे गीत, वाद्य आणि नृत्य. मेसियाँ यांच्यापर्यंत आलेल्या देशी तालांत देश उरलेला नाही, टाळी देणारा हात नाही, समेकडे झेपावणारा श्रोता नाही. उरले आहे ते कालमानांचे गणित. पण या तक्रारीचा अधिकार आपल्याला तरी कितपत आहे? ठेक्यांवर आधारलेल्या आपल्या तालव्यवस्थेने त्या यादीतील बहुतेक नावे केव्हाच मागे टाकली. सांगली-मिरजेचा नाट्यसंगीताचा रसिक 'ढेंकी'ला पॅरिसच्या श्रोत्याइतकाच परका आहे. शिवाय स्वतः शार्ङ्गदेवाचे घराणे काश्मिरातून दक्षिणेत आलेले होते. देशीची ही नोंद स्थलांतरिताच्या वंशजाने केली, हे विसरता येत नाही.

१९८० नंतर भालचंद्र नेमाडे यांच्या मांडणीमुळे 'देशी' ही संज्ञा मराठी समीक्षेच्या केंद्रस्थानी आली. तिच्यामुळे कृतीला तिच्या भूमीशी जोडून वाचण्याची सवय लागली, हा मोठा लाभ आहे. पण देशीपणा उगमस्थानावरून ठरविला, तर 'तुरंगलीला' देशी ठरेल आणि काशीच्या चालींवरचे 'मानापमान' परके ठरेल. हा निष्कर्ष कोणालाही पटणार नाही. देशीपणा उगमात पाहण्याऐवजी तो वापरात, म्हणजे कोणत्या समूहाच्या कानांनी, कोणत्या गरजेने ते द्रव्य पुन्हा घडविले, यात शोधावा लागेल. टेंब्यांच्या चाली या अर्थाने देशी झाल्या. मेसियाँ यांचे ताल देशी राहिले नाहीत, आणि तरीही ते त्यांच्या कृतीत सार्थ झाले.

पदाच्या माथ्यावरची 'चाल' वाचून आपण पुस्तक मिटत नाही, पद वाचतो. वाद्यवृंदरचनेच्या पार्श्वभूमीविषयीही समीक्षकाने एवढेच करावयाचे आहे.