खलनायकांची एकजूट

खलनायकांची सर्वांत चांगली टोळी कोणती, हा अमेरिकन कॉमिक वाचणाऱ्यांचा जुना आणि न संपणारा वाद आहे. एकटादुकटा खलनायक कितीही भयंकर असो, तो हरणार हे वाचकाला पहिल्याच पानावर ठाऊक असते. पण चार-सहा जण एकत्र आले की वाचक सावरून बसतो. आता काही खरे नाही, असे त्याला वाटते. ही गंमत केवळ संख्येची नाही. नायकाने ज्यांना ज्यांना तुरुंगात घातले ते आता एकमेकांना शोधून काढतात, आपापली दुखणी मांडतात आणि म्हणतात, आपला शत्रू एकच आहे. ज्यांनी आयुष्यात एखादी तरी संघटना बांधावयाचा प्रयत्न केला आहे, त्यांना ही बैठक ओळखीची वाटेल. ती पुढे मोडते, हेही ओळखीचे वाटेल. मला विचारावयाचे आहे ते एवढेच की, ती दर वेळी का मोडते, आणि मोडणारा कोण?

माझी पहिली पसंती सांगतो. १९६४ साली ‘अमेझिंग स्पायडर-मॅन’चा पहिला वार्षिक अंक निघाला. लेखन स्टॅन ली यांचे, चित्रे स्टीव्ह डिट्को यांची. त्यात डॉक्टर ऑक्टोपस पाच जणांना गोळा करतो. व्हल्चर, इलेक्ट्रो, मिस्टेरिओ, सँडमॅन आणि क्रेव्हन. हीच ती ‘सिनिस्टर सिक्स’. या सहा जणांचे मुखवटे काढून त्यांचे पूर्वीचे धंदे पाहावेत. ऑक्टोपस हा अणुसंशोधन करणारा शास्त्रज्ञ. प्रयोगशाळेतील अपघातात यंत्राचे चार हात त्याच्या अंगाला कायमचे चिकटले. इलेक्ट्रो म्हणजे मॅक्स डिलन, खांबावर चढून विजेच्या तारा दुरुस्त करणारा लाइनमन. कामावर असतानाच त्याच्यावर वीज पडली. मिस्टेरिओ हा सिनेमातले ट्रिक सीन जमवणारा, कायम पडद्यामागे राहिलेला कारागीर. सँडमॅन हा तुरुंगातून पळालेला आणि अणुचाचणीच्या वाळूत सापडलेला कैदी. व्हल्चर हा भागीदाराने फसवलेला इंजिनिअर, हे फार उशिरा, १९८३ साली सांगितले गेले. क्रेव्हन हा शिकारी तेवढा वगळला तर बाकीची प्रकरणे नुकसानभरपाईचा दावा लावावा अशीच आहेत. कॉमिकमध्ये दावा लागत नाही. तेथे माणूस मुखवटा चढवतो.

पण ली यांनी यातल्या कामगाराचे काय केले आहे, ते पाहण्यासारखे आहे. इलेक्ट्रोची जन्मकथा मूळ मालिकेच्या नवव्या अंकात आहे. एक सोबती वर खांबावर अडकून पडला आहे. त्याला खाली आणावयास डिलन तयार होतो, पण आधी शंभर डॉलर मागतो. पैसे कबूल झाल्यावरच तो वर चढतो. वीज पडते ती त्यानंतर. हा बारकावा मला फार महत्त्वाचा वाटतो. अंगात शक्ती येण्यापूर्वीच, मुखवटा चढण्यापूर्वीच, या कामगाराला सोबत्याच्या जिवाची किंमत नाही असे लेखकाने ठरवून टाकले आहे. असा माणूस पुढे टोळीत आला तर ती टोळी टिकणार कशी? मोडण्याची तजवीज जन्मकथेतच करून ठेवलेली आहे.

वार्षिक अंकात तेच घडते. सहा जण एकत्र येतात, पण एकत्र लढत नाहीत. स्पायडर-मॅनला मारण्याचा मान कोणाचा, यावरच त्यांचे अडते. मग क्रम ठरतो. एकेकाने वेगवेगळ्या जागी उभे राहावयाचे आणि एकेकाने लढावयाचे. एकेक लढतो, एकेक हरतो. डिट्कोने प्रत्येक लढतीला एक अख्खे पान दिले आहे आणि ती पाने अप्रतिम आहेत. तरीही वाचताना दर वेळी चीड येते. अरे, सहाच्या सहा जण एकदम का जात नाही? पोरवयात पडणारा हा प्रश्न बावळट नाही. मोठेपणी तो विचारावयाचा आपण सोडून देतो, एवढेच. आणि ज्याच्याशी ते लढतात तो तरी कोण? पीटर पार्कर हा वर्तमानपत्राला सुटे फोटो विकून घर चालवणारा पोरगा. मालक जेमसन त्याचा भाव पाडून त्याला पैसे देणार. लाइनमन आणि फोटोग्राफर एकमेकांच्या जिवावर उठतात, आणि जेमसन त्याच मारामारीचे फोटो छापून अंक खपवतो.

हे असे का, याचे एक उत्तर कायद्यासारखे कोरडे आहे. डॉ. फ्रेडरिक वर्थम यांच्या पुस्तकाने पालक धास्तावले होते, सिनेटच्या समितीपुढे चौकशी झाली होती, आणि १९५४ साली अमेरिकन प्रकाशकांनी ‘कॉमिक्स कोड’ नावाची आचारसंहिता स्वतःवर लादून घेतली. गुन्हेगाराविषयी सहानुभूती उत्पन्न होता कामा नये. पोलीस, न्यायाधीश, सरकारी अधिकारी यांच्याविषयी अनादर वाटता कामा नये. शेवटी दुष्टांना शासन झालेच पाहिजे. १९७१ साली ही कलमे काहीशी सैल झाली. तेव्हा १९६४ च्या सहा जणांना हरणे भागच होते. पण हरणे वेगळे आणि आपसात भांडून हरणे वेगळे. हरवा, असे कोड सांगतो. भांडवून हरवा, असे त्यात कोठेही नाही. ते लेखकांनी आपल्या पदरचे घातले.

येथे एक इशारा देणे जरूर आहे. खलनायक म्हणजे विद्रोही, असा सोपा निष्कर्ष कोणी काढू नये. त्याच १९६४ साली ‘अव्हेंजर्स’च्या सहाव्या अंकात ‘मास्टर्स ऑफ इव्हिल’ ही टोळी आली. तिचा म्होरक्या बॅरन झेमो हा नाझी. तिच्यातला मेल्टर हा निकृष्ट मालामुळे सरकारी कंत्राट हातचे गेलेला कारखानदार. यांच्या दुःखात आपल्याला वाटेकरी होण्याचे कारण नाही. ‘फ्राइटफुल फोर’ची तर थट्टाच झाली. १९६५ पासून या चौकडीला चौथा माणूस टिकत नाही, आणि १९७६ साली त्या जागेसाठी उमेदवार तपासावयाची पाळी येते, तेव्हा आगीची ज्योत दिसली की बेशुद्ध पडणारा एक प्लंबर उमेदवार म्हणून येतो. हसू येते खरे. पण पुन्हा प्लंबरच!

दुसरी पसंती ‘रेकिंग क्रू’. ही चौकडी १९७४ साली ‘डिफेंडर्स’च्या सतराव्या अंकापासून आली, लेखक लेन वाइन. म्होरक्या रेकर, मूळचा पाडकामावरचा मजूर, हातात पहार. त्या पहारीतली मंतरलेली शक्ती तो तुरुंगात भेटलेल्या तिघा सोबत्यांत वाटतो. शेतमजूर असलेला पाइलड्रायव्हर, लष्करातला सार्जंट बुलडोझर आणि थंडरबॉल. हा थंडरबॉल म्हणजे डॉ. एलियट फ्रँकलिन, काळा पदार्थवैज्ञानिक. त्याने लहान आकाराचा गॅमा बॉम्ब बनवण्याचे संशोधन केले आणि तो ज्या कंपनीत नोकरीला होता तिने ते आपले म्हणून घेतले. स्वतःचे संशोधन परत आणावयास गेला तेव्हा तो पकडला गेला. मग तुरुंग, मग रेकर, मग पहार. तो बॉम्ब आहे, औषध नव्हे, हे मी विसरत नाही. पण चोरी कोणी कोणाची केली, हा प्रश्न त्याने बदलत नाही.

आता कंपनी कोणाची ते पाहा. ती काइल रिचमंडची, बापाकडून वारशाने आलेली. आणि काइल रिचमंड म्हणजे नाइटहॉक, डिफेंडर्समधला एक नायक. म्हणजे ज्याच्या घरात चोरीचा माल, तोच न्यायाचा रक्षक. ही टोळी रिचमंडच्या इमारती पाडत सुटते, कारण बॉम्ब तेथे कोठे तरी दडवलेला आहे. आणि त्या इमारतींच्या राखणीला पैसे देऊन आणलेला माणूस आहे ल्यूक केज. तोही काळा, न केलेल्या गुन्ह्यासाठी तुरुंग भोगून आलेला. एका काळ्या माणसाची बुद्धी मालकाने घेतली, ती परत घ्यावयास तो आला, आणि त्याला अडवावयास मालकाने रोजावर आणला तो दुसरा काळा माणूस. मारामारीच्या धांदलीत ही गोष्ट वाचकाच्या हातून निसटते. लेखकाला ती किती दिसली होती, हे कथेवरून कळत नाही. त्याच काळातली आणखी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. ‘ब्लॅक पँथर’ हे पात्र जुलै १९६६ च्या ‘फँटास्टिक फोर’मध्ये आले, त्या नावाचा पक्ष ऑक्टोबरमध्ये निघाला. १९७२ च्या आरंभी त्या पात्राने, पक्षाशी आपला संबंध जोडला जाऊ नये म्हणून, स्वतःला ‘ब्लॅक लेपर्ड’ म्हणवून घेतले. त्याच वर्षी मुंबईत आपल्या तरुणांनी ‘पँथर’ हे नाव उचलले. लेपर्ड फार दिवस टिकला नाही.

फ्रँकलिन हा टोळीतला सर्वांत बुद्धिमान माणूस, पण म्होरक्या रेकरच, कारण शक्ती त्याच्या पहारीतून येते. पुढच्या काळात या दोघांची म्होरकेपणावरून पुन्हा पुन्हा जुंपते. लेखक ही फ्रँकलिनची महत्त्वाकांक्षा म्हणून रंगवतात. मला ते पटत नाही. ज्याच्या संशोधनावर कंपनीने नाव लावले, त्याच्या बुद्धीवर आता रेकर नाव लावतो. मालक बदलला, उतरंड तीच राहिली. सिनिस्टर सिक्स मोडते ती लेखकाच्या सोयीसाठी. ही टोळी खऱ्या कारणाने मोडते, आणि म्हणून मला ती अधिक जवळची वाटते.

संशोधन एकाचे आणि नाव कंपनीचे, हा प्रकार कॉमिकच्या धंद्याला काही परका नव्हता. जेरी सीगल आणि जो शुस्टर यांनी १९३८ साली सुपरमॅनचे हक्क १३० डॉलरला दिले आणि पुढे जन्मभर त्यासाठी भांडले. मार्व्हलमध्ये मोबदल्याच्या चेकच्या पाठीवरच हक्क सोडल्याचा मजकूर छापलेला असे. चेक वटवावयाचा तर सही करावी लागे, सही केली की हक्क गेले. लेखक-चित्रकारांना पानामागे दर मिळे आणि बहुतेक जण आपापल्या घरी बसून एकेकटे काम करीत. १९७८ साली कॉपीराइटचा नवा कायदा अमलात आला तेव्हा कंपनीने नवे करार पुढे केले, आणि चित्रकार नील अॅडम्स यांनी सगळ्यांना एकत्र आणून ‘कॉमिक्स क्रिएटर्स गिल्ड’ उभी करावयाचा प्रयत्न केला. बैठका झाल्या. संघटना उभी राहिली नाही. अनेकांनी करारावर निमूट सह्या केल्या, कारण घरभाडे थांबत नाही. सहा जणांना सहा जागी एकेकटे उभे करून हरवणाऱ्या या धंद्यातली माणसे स्वतःही मालकाच्या दारात एकेकटीच जात होती. जी एकजूट त्यांनी आपल्या व्यवसायात टिकलेली पाहिली नाही, ती त्यांच्या चित्रांत कोठून येणार?

१९८७ सालच्या ‘सुइसाइड स्क्वॉड’मध्ये जॉन ऑस्ट्रँडर यांनी पडदा थोडा आणखी दूर सारला. येथे टोळी खलनायक बांधत नाहीत, सरकार बांधते. कैद्यांनी जिवावरच्या कामगिऱ्या करावयाच्या, जगले तर शिक्षेत सूट. मनगटावर स्फोटक कडे, पळाला तर हात जाणार. अमेरिकेच्या १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी रद्द केली, पण गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीचे काम त्यातून वगळले. ही टोळी त्या वगळलेल्या जागेत उभी आहे. तिची सूत्रे अमांडा वॉलर या काळ्या स्त्रीच्या हाती आहेत. ती शिकागोच्या कॅब्रिनी-ग्रीन वस्तीत मुले वाढवून वर आलेली आहे. खुर्चीवर बसलेला माणूस आपला असला की खुर्ची बदलते का, याचे उत्तर ऑस्ट्रँडर देत नाहीत, आणि ते बरे करतात. नवव्या अंकात स्लिपनॉट या कैद्याला कॅप्टन बूमरँग पळून जाण्याची फूस देतो, ती केवळ कडे खरोखर फुटते की नाही हे पाहण्यासाठी. ते फुटते.

या सर्वांच्या आधीची मोठी टोळी म्हणजे ‘मॉन्स्टर सोसायटी ऑफ इव्हिल’. १९४३ ते १९४५ या काळात ‘कॅप्टन मार्व्हल अॅडव्हेंचर्स’मध्ये तिची कथा पंचवीस भागांत चालली. लेखक ऑटो बाइंडर, चित्रे सी. सी. बेक यांची. हिटलरपासून कॅप्टन नाझीपर्यंत सगळे एका अदृश्य आवाजाचे हुकूम पाळतात, आणि पुढे कळते की हा मिस्टर माइंड म्हणजे चष्मा लावलेली एक एवढीशी अळी आहे. कल्पना भन्नाट आहे. पण तीत जपानी माणसाची केलेली विटंबना आज पाहवत नाही. २०१८ साली जाहीर झालेले तिचे पुनर्मुद्रण पुढे रद्द झाले ते अशाच चित्रणामुळे. वंशद्वेष काही केवळ खलनायकांच्या वाट्याला आलेला नव्हता. नायकाच्या घरात स्टीमबोट नावाचा काळा नोकर होता. जाड ओठ, तुटके बोलणे, प्रत्येक प्रसंगी घाबरगुंडी. वाचकांना हसवणे एवढेच त्याचे काम.

युद्ध चालू असतानाच न्यूयॉर्कच्या शाळकरी मुलांचे एक शिष्टमंडळ, ‘यूथबिल्डर्स’ या संस्थेतर्फे, फॉसेट प्रकाशनाचे संपादक विल लिबरसन यांच्याकडे गेले. त्यांनी स्टीमबोटचे चित्र त्यांच्यापुढे ठेवले. हसण्यासाठी सगळ्याच पात्रांची अशी थट्टा होते, हा युक्तिवाद मुलांनी मानला नाही. ती एकेकटी गेली नव्हती, एकदम गेली होती. १९४५ साली स्टीमबोट अंकांतून नाहीसा झाला. मिस्टर माइंडवर खटला चालून त्याला विजेच्या खुर्चीत बसवले, तेही त्याच वर्षी.