गाद्या, भिंती आणि बाना

‘चेंबर म्युझिक’ला मराठी प्रतिशब्द शोधायची गरज नाही, तो आपल्याकडे आहेच : बैठक. दोन तंबोरे, पेटी, तबला, आणि गवयाचा श्वासही ऐकू येईल इतक्या जवळ मांडी घालून बसलेली तीस-चाळीस माणसं. युरोपात हे संगीत सरदारांच्या दिवाणखान्यातून सभागृहात गेलं, आपल्याकडे वाड्यातून नाट्यगृहात. दोन्हीकडे जागा वाढली आणि जवळीक गेली. ती परत मिळावी म्हणून आता दोन्हीकडे लहान खोल्यांचा शोध चालू आहे, आणि शहरात लहान, रिकामी, चांगल्या उजेडाची खोली म्हटली की नजर कलादालनाकडे वळते. भिंतीवर चित्रं, समोर वादक. कल्पना इतकी गोड आहे की ती नीट जमते का, हे कोणी फारसं विचारत नाही.

माझं मत असं, की बहुतेक वेळा जमत नाही. आम्ही बालाघाटचे लोक चित्रं पाहायला नागपूरला किंवा जबलपूरला जातो. इथे प्रदर्शन म्हणजे बहुधा शाळेचं नाहीतर मंगल कार्यालयाचं सभागृह. पण मोठ्या शहरांतही चाल तीच. समई लागते, पाहुणे बोलतात आणि कोपऱ्यात कोणीतरी बासरीवर यमन सुरू करतो. लोक चहाचा कप हातात घेऊन चित्रांवरून फिरत राहतात. बासरीवाला आलाप संपवून गतीवर येतो तेव्हा त्याच्याकडे पाठ असलेली माणसं जास्त असतात. चित्रांनाही त्या यमनाशी देणंघेणं नसतं. त्यांच्या जागी कॅलेंडरं लावली असती तरी यमन तसाच वाजला असता.

पहिली अडचण अगदी भौतिक आहे. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातल्या फॉग कलासंग्रहालयाचं नवं व्याख्यानगृह कुचकामी ठरलं, कारण बोललेला शब्द साडेपाच सेकंदांच्या आसपास घुमत राहायचा. वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाला त्यावर तोड काढायला सांगितलं. त्याने शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री आणून खोलीत पसरल्या, किती गाद्यांनी आवाज किती लवकर विरतो ते मोजलं आणि सकाळ व्हायच्या आत त्या परत नेऊन ठेवल्या. भरपूर गाद्या घातल्यावर घुमणं सेकंद-सव्वा सेकंदावर आलं. सभागृहांचं आधुनिक ध्वनिशास्त्र असं एका कलासंग्रहालयात, गाद्यांवर उभं राहिलं. हे वाचलं तेव्हा मला हसू आलं होतं. आपल्या बैठकीतल्या गाद्या, लोड, तक्के, जाजम आणि दारावरचे पडदे हेच काम गणिताशिवाय करत होते. आजचं कलादालन मात्र नेमकं उलट बांधलेलं असतं : गुळगुळीत पांढऱ्या भिंती, फरशी, काच. तिथे तबल्याचा प्रत्येक बोल पुढच्या बोलाच्या अंगावर पडतो. मग आयोजक त्यावर उपाय म्हणून स्पीकर लावतात, म्हणजे आगीवर तूप.

मुंबईतली एक वास्तू या बाबतीत बोलकी आहे. सर कावसजी जहांगीर हॉल १९११ मध्ये सार्वजनिक सभागृह म्हणून बांधला गेला. येहुदी मेन्युहिनसारख्यांचं व्हायोलिन तिथे वाजलं, राजकीय सभा झाल्या. पुढे वातानुकूलित सभागृहं आली तशी त्याची रया गेली. मुष्टियुद्धाचे सामने, हातमागाचे सेल आणि लग्नं तिथे होऊ लागली. १९९६ मध्ये तिथे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय उघडलं. संगीताची खोली चित्रांची झाली, पण दोन्ही एकत्र नांदण्याची नाही.

एकत्र नांदण्याचा प्रयत्न त्याआधी मुंबईतच झाला होता. वॉर्डन रोडवरच्या भुलाभाई देसाई मेमोरियल इन्स्टिट्यूटमध्ये १९५०-६०च्या दशकांत चित्रकारांचे स्टुडिओ, इब्राहिम अल्काझींची नाट्यमंडळी आणि १९६२ पासून रविशंकरांची ‘किन्नर’ संगीतशाळा एकाच छपराखाली होती. नागपुरात १९२४ मध्ये जन्मलेले वासुदेव गायतोंडे तिथेच काम करत. त्यांच्या कॅनव्हासवर रंगाचा थर सावकाश उतरत जातो, तसा आलाप उतरतो, असं म्हणायचा मोह अनेकांना झाला आहे. मलाही होतो, पण मी तो आवरतो. रागाचं नाव दिलं की चित्र पाहायचं राहून जातं. भुलाभाईंच्या त्या वास्तूतलं महत्त्वाचं वेगळंच होतं. तिथे कोणी ‘चित्र-संगीत संध्या’ भरवण्याची गरज नव्हती, सतारीचा रियाज भिंतीपलीकडून रोज कानावर पडत होता.

दूरचा एक नमुना सांगतो, कारण या प्रकाराचं मोजमाप त्याच्यावरून घेता येतं. ह्यूस्टनमध्ये मार्क रोथकोच्या चौदा काळपट चित्रांसाठी बांधलेलं प्रार्थनागृह १९७१ मध्ये उघडलं. तोवर रोथको हयात नव्हता. त्याचा मित्र मॉर्टन फेल्डमन याने त्या खोलीसाठी व्हायोला, गायकवृंद, सेलेस्टा आणि तालवाद्यं यांची एक रचना केली आणि १९७२ मध्ये ती तिथेच वाजली. जवळपास अर्धा तास संगीत जेमतेम ऐकू येईल इतक्या हळू आवाजात चालतं. ती रचना चित्रांचं वर्णन करत नाही. पाहणारा जितका वेळ त्या काळ्या रंगासमोर थांबायला हवा, तितका वेळ ती त्याला थांबवून ठेवते. आपल्याकडे प्रदर्शनासाठी म्हणून नवी रचना करवून घ्यायची पद्धतच रुजलेली नाही. वादकाला बोलावणं येतं ते ‘काहीतरी शांत वाजवा’ असं. शांत म्हणजे काय, हे त्या भिंतीवरची चित्रं पाहून ठरवायला हवं, आणि त्यासाठी वादकाला उद्घाटनाच्या आठवडाभर आधी चित्रं दाखवायला हवीत. एवढंही होत नाही.

जुन्या काळी आपल्याकडे हा धागा उलट दिशेने विणलेला होता. माळव्यातल्या नरसिंहगडला १६८० मध्ये माधोदासाने रंगवलेली रागमाला, म्हणजे रागांना चित्ररूप देणारी मालिका, घ्या. ती भिंतीवर टांगायची चित्रं नव्हेत, हातात धरून, जवळ बसलेल्या चार जणांनी पाहायची पानं आहेत. आकाराने आणि रीतीने ती बैठकीचीच.

आता मी माझ्या मुलखाकडे येतो. बालाघाटच्या बैहर भागातून मैकलच्या रांगा मंडला-दिंडोरीकडे जातात. या पट्ट्यात गोंडांचे परधान हे परंपरेने गायक. त्यांचं वाद्य बाना : तीन तारांचं, घोड्याच्या केसांच्या तारांचं, गजाने वाजवायचं. (मराठीत बाणा म्हणजे वेगळंच काही, पण वाद्याची ऐटही कमी नाही.) बाना वाजला की बडा देव जागा होतो, अशी श्रद्धा. परधान ठरावीक वर्षांनी आपल्या गोंड यजमानाच्या दारी जायचा, त्याच्या कुळाची आणि देवांची कथा गायचा आणि धान्य, कपडे, कधी जनावर घेऊन परतायचा. अंगण, एक कुटुंब, एक वाद्य, एक आवाज. याहून शुद्ध चेंबर म्युझिक मला माहीत नाही. १९४६ मध्ये परधानांवरचं सविस्तर पुस्तक लिहिलं ते शामराव हिवाळे यांनी. पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघातून मानववंशशास्त्रज्ञ व्हेरियर एल्विनसोबत आलेला हा मराठी माणूस या डोंगरांतच रमला. दोघंही काही काळ पाटणगढला राहिले.

त्याच पाटणगढचा जनगढ सिंह श्याम हा परधान मुलगा. १९८१ च्या सुमारास चित्रकार जगदीश स्वामिनाथन यांनी पाठवलेल्या चमूने त्याने भिंतीवर काढलेलं चित्र पाहिलं. १३ फेब्रुवारी १९८२ रोजी भोपाळला चार्ल्स कोरिया यांच्या रचनेतलं भारत भवन उघडलं आणि जनगढ तिथला झाला. १९८९ मध्ये त्याचं काम पॅरिसच्या पाँपिदू केंद्रात लागलं. २००१ मध्ये जपानमध्ये त्याचा अंत झाला. त्याच्या ठिपक्यांत आणि बारीक आघाती रेषांत बान्याचं संगीत चित्रात उतरलं आहे, असं जाणकारांनी म्हटलं आहे. गायतोंडेंच्या बाबतीत जी तुलना मी टाळतो ती इथे मान्य करतो, कारण इथे ती रूपक नाही. कथा सांगणारी जात तीच, फक्त हातात गजाऐवजी कलम आलं.

भारत भवनात चित्रांसाठी रूपंकर आहे, संगीतासाठी अनहद, कवितेसाठी वागर्थ, नाटकासाठी रंगमंडल. इतक्या कला एका छपराखाली, आणि तरी मला तिथे नेहमी वेगवेगळ्या खात्यांत फिरल्यासारखं वाटतं. भोपाळलाच २०१३ मध्ये उघडलेल्या जनजातीय संग्रहालयात आदिवासी चित्रकारांची प्रदर्शनं भरतात आणि मंचावर नाच-गाणंही होतं. पण बाना मंचावर आला की त्याला माइक लागतो, ढोलक लागतं, पायऱ्यांवर बसलेल्या गर्दीपर्यंत पोहोचायचं असतं. तो खरखरीत, खालच्या पट्टीतला आवाज त्यात बुडतो. हेच वाद्य दालनात, जनगढ कलमाच्या, म्हणजे जनगढने रुजवलेल्या शैलीच्या, सात-आठ चित्रांसमोर, वीस माणसांपुढे, माइकशिवाय वाजलं तर घोड्याच्या केसांचं घर्षण ऐकू येईल आणि शेजारच्या ठिपक्यांकडे डोळा आपोआप जाईल.

ते होत नाही यामागे पैशाचा हिशेब आहे. यजमानांच्या दारची देणगी आटली, तेव्हा परधानांपैकी ज्यांच्या हातात कलम आलं ते तरले. चित्र गुंडाळून दिल्लीला, लंडनला नेता येतं. पाटणगढच्याच भज्जू श्याम यांचं लंडनवरचं चित्रमय पुस्तक २००४ मध्ये आलं, २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, आणि ती योग्यच होती. गाणं मात्र गुंडाळता येत नाही. चित्र विकलं गेलं की त्याखाली लाल टिकली लागते. वादकाच्या शेजारी लावायला टिकलीच नाही.

काही वर्षांपूर्वी एका आयोजकाने मला प्रदर्शनाच्या खर्चाचा कागद दाखवला होता. फ्रेमिंग, प्रकाशयोजना, छापील पत्रिका असे स्वतंत्र रकाने. त्याखाली एकाच ओळीत, एकाच रकमेत लिहिलं होतं : फुलं, समई, बासरी.