गॉर्सखालचे जंगल

‘फूल्स अँड ड्रीमर्स’ हा न्यूझीलंडमधल्या हिनेवाई राखीव रानावरचा २०१९ सालचा अर्ध्या तासाचा माहितीपट. वर्गात जरूर दाखवावा, पण तो संपला की लगेच तास संपवू नये.

बँक्स द्वीपकल्पावर १९८७ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ ह्यू विल्सन यांनी काम सुरू केले, तेव्हा तिथल्या उतारांवर गॉर्स माजले होते. हे काटेरी, पिवळ्या फुलांचे झुडूप युरोपातून कुंपणासाठी आणलेले. शेतकरी ते जाळत, त्यावर औषध मारत. गॉर्सचे बी मातीत कित्येक दशके टिकते, त्यामुळे जाळले की पुन्हा तेच उगवते. विल्सननी ते राहू दिले. गॉर्सला भरपूर ऊन लागते. माहोएसारख्या देशी झाडांची रोपे मात्र त्याच्या सावलीत वाढतात, त्याच्याही वर जातात, आणि मग सावलीत सापडून गॉर्सच मरते. अनुक्रमण शिकवायला याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

माझी तक्रार वेगळी आहे. चित्रपट पाहून मनात उरते ते एवढेच, की निसर्गाला सोडून दिले की सगळे परत येते. प्रत्यक्षात शेळ्या आणि पॉसम यांना आवर घालण्याचे काम सतत करावे लागते. शिवाय इथे जुन्या जंगलाचे तुकडे शिल्लक होते, आणि त्यांची फळे गिळून बिया दूर टाकणारे केरेरू कबुतरही होते. बी येणारच नसेल तर सावली काय करणार?

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. वेलिंग्टन आणि नेल्सन परिसरात गॉर्सखाली व देशी कानुकाखाली वाढणाऱ्या जंगलांची तुलना झाली. ती २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. गॉर्सखाली जाती कमी आढळल्या. ऑर्किडे आणि बारीक पानांची झुडपे विशेष कमी. जंगल येते, पण तेच येत नाही. डोंगर हिरवा होणे आणि विविधता परतणे यांतला हा फरक चित्रपटात हवा होता.

एखादा विद्यार्थी विचारेलच, “मग आपली घाणेरीही राहू द्यायची का?” उत्तर चित्रपटात नाही. घाणेरी झाडांच्या अंगावर चढते, गॉर्ससारखी मुकाट्याने बाजूला होत नाही. मुलांना जवळच्या माळावर न्यावे. घाणेरीखाली एक चौरस मीटर आखून रोपे मोजू द्यावीत, तशीच बाहेर मोकळ्यावरही.