वर्णभेद, जातिभेद आणि समाजशास्त्राची साक्ष

अमेरिकेतील वर्णभेद आणि भारतातील जातिभेद यांची तुलना मराठी वाचकास नवी नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली, तेव्हा अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या तेथील जनतेस ती अर्पण केली. डॉ. आंबेडकरांनी १९४६ साली कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञ ड्यू बॉइस यांस पत्र लिहून उभय समाजांच्या स्थितीतील साम्याचा निर्देश केला. इसाबेल विल्करसन यांचा ‘कास्ट’ (२०२०) हा बहुचर्चित ग्रंथ याच तुलनेवर उभा आहे. तेव्हा प्रश्न तुलना करावी की नाही हा नसून, तिच्यातून नेमका कोणता बोध घ्यावा हा आहे.

समाजशास्त्राचे पहिले ऋण असे, की अन्यायाचे मूळ केवळ दुष्ट माणसांच्या मनात शोधण्याची आपली सवय त्याने मोडली. ड्यू बॉइस यांनी फिलाडेल्फियातील कृष्णवर्णीयांच्या वस्तीची घरोघर पाहणी करून १८९९ साली ग्रंथ लिहिला. ज्या दारिद्र्यास लोक वांशिक स्वभाव म्हणत होते, ते बंद केलेले व्यवसाय आणि गुलामीचा इतिहास यांचे फळ असल्याचे त्यांनी दाखविले. पुढे १९३०च्या दशकात एका सरकारी संस्थेने शहरांचे नकाशे तयार करवून कृष्णवर्णीयांच्या वस्त्या कर्जास धोक्याच्या म्हणून तांबड्या रंगाने दाखविल्या. घरांच्या व्यवहारातील भेदभावास १९६८ साली कायद्याने बंदी झाली. परंतु ज्यांस घर घेता आले नाही, त्यांच्या मुलांच्या वाट्यास वारसाही आला नाही. अशा व्यवस्थेत कर्ज नाकारणाऱ्या कारकुनाच्या मनात द्वेष असावाच लागतो असे नाही. नियम पाळला की पुरे होते.

या तुलनेवरील सर्वांत समर्थ आक्षेप ऑलिव्हर कॉक्स यांनी ‘कास्ट, क्लास अँड रेस’ (१९४८) या ग्रंथात घेतला. वर्णभेद हे भांडवलशाहीने स्वस्त मजुरीसाठी निर्माण केलेले शोषण आहे, तर जातिव्यवस्था सर्वांच्या संमतीने चालणारी स्थिर रचना आहे, असे त्यांचे प्रतिपादन. त्यांच्या विधानाचा पूर्वार्ध आजही विचार करावयास लावतो. उत्तरार्ध मात्र टिकत नाही. जातीकडे वरून पाहणाऱ्यास जी संमती दिसते, ती खालून पाहणाऱ्यास दिसत नाही. ‘गुलामगिरी’ हाच त्याचा लेखी पुरावा, आणि तो कॉक्स यांच्यापूर्वी पंचाहत्तर वर्षांचा. शिवाय कोलंबिया विद्यापीठात १९१६ साली वाचलेल्या निबंधात आंबेडकरांनी जात म्हणजे विवाहाची कुंपणे घालून बंदिस्त केलेला वर्ग, अशी मीमांसा केली होती. अमेरिकेतील अनेक राज्यांनी आंतरवंशीय विवाहास घातलेली बंदी तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली रद्द केली, हे ध्यानी घेता या मीमांसेचे मोल कळते.

विल्करसन यांच्या ग्रंथात विवाहबंदी, शुद्धाशुद्धतेची कल्पना, व्यवसायांची उतरंड व दहशत हे व्यवस्थेचे आधारस्तंभ स्पष्ट उभे राहतात. परंतु निदान रचनेचे करून उपाय मात्र त्या मुख्यतः व्यक्तीच्या सहृदयतेत शोधतात. जमीन, मजुरी आणि मालमत्ता यांचा विचार, ज्यासाठी कॉक्स हवे होते, तेथे तोकडा पडतो.

हा दोष आपल्याही प्रवचनांत आहे, म्हणून तो येथे नोंदविणे अगत्याचे वाटते. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती दलित बाहेर राहिले. मद्रासच्या रस्त्याकडेला चर्मकाराचे काम करणारे सूसै यांस सरकारी योजनेतील टपरी नाकारली गेली, तेव्हा ते सर्वोच्च न्यायालयात गेले. १९८५च्या निकालात न्यायालयाने म्हटले, की धर्मांतरानंतरही तीच सामाजिक व आर्थिक हीनता ख्रिस्ती समाजात टिकून आहे, हे दाखविणारा अधिकृत आणि सविस्तर अभ्यास पुढे आलेला नाही. न्यायालयास प्रवचन नको होते. समाजशास्त्र हवे होते. तसा आढावा प्रा. सतीश देशपांडे यांनी राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोगासाठी २००८ साली सादर केला.

आपल्या अडचणीचे मर्म येथेच आहे. न्याय मागावयाचा तर ख्रिस्तसभेत जात आहे हे सिद्ध करावे लागते. आणि ते सिद्ध करणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणे. हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला २०२२ साली दलित समाजातील पहिले कार्डिनल झाले, याचा आनंद सार्थ आहे. पण एका व्यक्तीच्या उन्नतीवरून दक्षिणेतील काही गावांच्या वेगळ्या दफनभूमी नाहीशा होत नाहीत.

अंत्युखियात संत पेत्र परराष्ट्रीयांच्या पंगतीतून मागे सरले, तेव्हा त्यांच्या श्रद्धेत काही न्यून नव्हते. न्यून पंगतीत होते, आणि संत पौलांनी सर्वांसमक्ष तेच दाखविले. पाप आचारनियमांतही वसते, हा धडा तेव्हाचाच आहे. समाजशास्त्र पापक्षमा देऊ शकत नाही. परंतु कशाबद्दल पश्चात्ताप करावयाचा, हे ते मोजून सांगू शकते. म्हणून प्रत्येक धर्मप्रांताने आपल्या शाळांतील प्रवेश, विवाहनोंदी, दफनभूमी आणि गुरुविद्यालयातील उमेदवार यांची जातवार पाहणी करून ती प्रसिद्ध करावी. ज्या सभेस आपली मोजदाद करण्याचे भय वाटते, तिने शासनाकडे न्याय कोणत्या तोंडाने मागावा?