शंभरीचे वय आणि समाधानाचे माप

‘मन आनंदी ठेवा, शंभर वर्षे जगा’ हे वाक्य आता शाळेच्या फळ्यावरही सुविचार म्हणून लिहिले जाते. त्याला शास्त्रीय आधार म्हणून अमेरिकेतील ख्रिस्ती जोगिणींचा अभ्यास पुढे केला जातो. २००१ साली प्रसिद्ध झालेला हा अभ्यास आम्हाला आवडतो. १८० जोगिणींनी ऐन विशीत लिहिलेली आत्मवृत्ते संशोधकांनी सुमारे साठ वर्षांनंतर तपासली. ज्यांच्या लेखनात आनंद, कृतज्ञता अधिक, त्या सरासरीने अधिक जगल्या. सर्वांचे अन्न, निवारा व काम जवळजवळ सारखे, जन्मतारखाही पक्क्या. पण येथे मोजला गेला तो तरुणपणीच्या लेखनातील आनंद, नव्वदीतल्या माणसाचे समाधान नव्हे!

हेच विधान नांदेड-लातूरकडे तपासायचे झाल्यास पहिली अडचण वयाचीच. निजामाच्या राजवटीत जन्मलेल्या कित्येकांच्या जन्माची नोंद कोठेच नाही. शाळेच्या रजिस्टरात असली तर ती पुष्कळदा १ जून. ती तारीख तेथे कशी आली, हे शिक्षकांना सांगायला नको. २०११च्या जनगणनेत भारतात शंभर व त्यापुढील वयाचे सहा लाखांवर लोक नोंदले गेले, म्हणजे लाखात सुमारे पन्नास. त्याच वर्षी जपानमध्ये हे प्रमाण लाखात चाळिसाच्या आत होते. आणि आपले सरासरी आयुर्मान तर जपानपेक्षा सुमारे पंधरा वर्षांनी कमी! मग या शतायुषींच्या समाधानातून दीर्घायुष्याचे रहस्य कसे शोधणार?

वय पडताळण्याची एक साधी रीत आहे. ‘वय किती?’ असे न विचारता, ‘पोलीस ॲक्शनच्या वेळी तुमचे लग्न झाले होते का? बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेलात तेव्हा थोरला मुलगा केवढा होता?’ असे विचारावे. आज शंभरी सांगणारे आजोबा सप्टेंबर १९४८ मध्ये विशी ओलांडलेले असायला हवेत. दहावीचे विद्यार्थी हे काम सहज करू शकतील.

समाधान मोजणे याहून कठीण. दारात सून उभी असताना ‘तुम्ही सुखी आहात का?’ या प्रश्नाला आजी दुसरे काय उत्तर देणार?

शिवाय कारण कोणते आणि परिणाम कोणता? ब्रिटनमधील सात लाखांवर मध्यमवयीन स्त्रियांच्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दुःखी स्त्रियांचे मृत्यूप्रमाण आधी जास्तच दिसले. पण मुळातले आजारपण, धूम्रपान इत्यादींचा हिशेब केल्यावर तो फरक उरला नाही. आजाराने माणूस दुःखी होतो आणि आजारानेच लवकर जातो; दोष मात्र दुःखाला लागतो.

हा दोष कोणाला लागतो ते पाहावे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी परिसरात हजारो माणसे गेली. मुले-नातवंडे गमावून मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांना ‘आनंदी राहा म्हणजे आयुष्य वाढेल’ असे सांगणे म्हणजे त्यांचा शोक हीच त्यांची चूक ठरवणे होय. त्यांना हास्यक्लबचा सल्ला देणे स्वस्त पडते. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, कानाचे यंत्र, गुडघेदुखीवर उपचार आणि तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत नेणारे कोणीतरी, यांना खर्च येतो. यांनी आयुष्य किती वाढेल ते आम्ही सांगणार नाही. पण आजीला नातीचे बोलणे नीट ऐकू येईल, एवढे नक्की.